वाकळीवर नाव कुणाचं?



श्रुतपंचमी झाली. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी मंदिरातले ग्रंथ पुसून काढले असतील, नवी वेष्टनं शिवली असतील. जुन्या हस्तलिखिताच्या शेवटी पुष्कळदा प्रशस्ती असते. ग्रंथ कुणी लिहून काढला, कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कुणाच्या दानातून, हे तिथे नोंदलेलं असतं. दहाव्या शतकातल्या अत्तिमब्बेंनी पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून घेतल्या असं सांगतात. म्हणून तर हजार वर्षांनंतरही त्यांना आपण दानचिंतामणी म्हणतो. पण ग्रंथ ज्या कापडात गुंडाळला, ते वेष्टन शिवणारीचं नाव कुठे सापडत नाही. आपल्या घरातल्या वाकळीचंही तसंच.

हे सुचायला कारण घडलं. सुट्टीत नात आली होती. सासूबाईंच्या हातची वाकळ तिने अंगावर घेतली आणि एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "आजी, हे कशाचं?" मी म्हणाले, "तुझ्या पणजीच्या लग्नातल्या लुगड्याचं." पोरगी खूश झाली. चार दिवसांनी नणंदबाई आल्या, तर तिने त्यांनाही तेच सांगितलं. त्या हसल्या. "वहिनी, आईचं लग्नातलं लुगडं तर बोहारणीला गेलं. त्यावर पातेलं घेतलं होतं, ते माझ्याकडे आहे." मी ओशाळले. खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. माहीत नव्हतं, आणि गोष्ट छान वाटली, म्हणून बोलून गेले.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले. अमेरिकेत आणि कॅनडात वाकळीला क्विल्ट म्हणतात. वर तुकड्यांचा थर, मध्ये कापूस किंवा लोकर, खाली अस्तर आणि तिन्ही धरून ठेवणारे टाके. तिकडे क्विल्टवर कथा-कादंबऱ्या आहेत, इतिहासाची पुस्तकं आहेत. मेरी वेबस्टर या बाईंनी १९१५ मध्ये फक्त क्विल्टच्या इतिहासावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण माझ्या मनात प्रश्न एकच होता. ज्या बायकांनी काही लिहून ठेवलं नाही, त्यांच्याबद्दल लिहिताना खरं किती आणि रचलेलं किती?

पहिलं नाव सुझन ग्लास्पेल यांचं. तरुणपणी त्या आयोवा राज्यात वार्ताहर होत्या. १९०० साली तिथे हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा खून झाला आणि त्याच्या बायकोवर खटला चालला. त्याच्या बातम्या ग्लास्पेल यांनी दिल्या. पुढे १९१६ मध्ये त्यावरून नाटक लिहिलं आणि १९१७ मध्ये त्याचीच कथा केली. कथेत पुरुष मंडळी घरभर पुरावा शोधत फिरतात. स्वयंपाकघरात थांबलेल्या दोन बायकांना अर्धवट क्विल्टचे तुकडे सापडतात. सगळे टाके एकसारखे, एका तुकड्यावर मात्र वेडेवाकडे. त्यावरूनच त्यांना कळतं की त्या बाईचं मन ठिकाणावर नव्हतं. पुढे नवऱ्याने मान मुरगळलेला तिचा पाखरूही सापडतो. पुरुष या दोघींच्या शिवणाच्या बोलण्यावर हसतात आणि त्यांच्या हाती काहीच लागत नाही. शेवटी त्या पुरावा लपवतात. ते योग्य की अयोग्य, यावर आपल्या स्वाध्यायात तासभर वाद होईल. पण लेखिकेने हॉसॅक बाईंचं नाव वापरलं नाही, सगळी पात्रं नवी घेतली. कथा कथा म्हणूनच आपल्यासमोर येते.

दुसरं पुस्तक मार्गारेट ॲटवूड यांचं, १९९६ सालची कादंबरी 'एलियस ग्रेस'. कॅनडात १८४३ मध्ये ग्रेस मार्क्स या मोलकरणीला मालकाच्या खुनाबद्दल शिक्षा झाली. ही खरी घटना. जवळजवळ तीस वर्षं ती कैदेत होती. कादंबरीच्या भागांना क्विल्टच्या नमुन्यांची नावं दिली आहेत. शेवटी ग्रेस स्वतःसाठी क्विल्ट शिवते आणि त्यात तीन तुकडे घालते. एक मेलेल्या मैत्रिणीच्या परकराचा, एक स्वतःच्या तुरुंगातल्या कपड्याचा आणि एक खून झालेल्या बाईच्या झग्याचा. पुस्तकाच्या अखेरीस लेखिकेने स्वतंत्र मजकूर जोडून, कागदपत्रांत काय आहे आणि आपण कुठे कल्पना केली, हे वाचकाला सांगितलं आहे. मी बी.कॉम. झालेली बाई. ताळेबंदाखालच्या टिपा वाचल्याशिवाय आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला शिकवलेलं. म्हणून मला ते फार आवडलं.

आता तिसरं. १९९९ मध्ये 'हिडन इन प्लेन व्ह्यू' नावाचं पुस्तक निघालं. अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हा पळून जाणाऱ्यांना खुणा कळाव्यात म्हणून क्विल्ट बाहेर टांगत, अमुक नमुना म्हणजे तयारी करा, तमुक म्हणजे निघा, असं त्यात मांडलं आहे. आधार मुख्यतः एका क्विल्ट विकणाऱ्या बाईंनी सांगितलेल्या घरगुती आठवणीचा. पुस्तक खूप खपलं. शाळांतून ही गोष्ट शिकवली जाऊ लागली. इतिहासकारांनी मात्र शोधून पाहिलं. गुलामगिरीतून सुटलेल्या शेकडो माणसांच्या आठवणी छापलेल्या आहेत, त्यांत या सांकेतिक भाषेचा उल्लेख नाही. तशी एकही क्विल्ट शिल्लक नाही. तरी न्यूयॉर्कमध्ये फ्रेडरिक डग्लस यांच्या स्मारकाच्या आराखड्यात ही गोष्ट शिरली आणि २००७ मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतले गेले.

आपल्याकडे सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे. खोटा लेख तयार करणं. त्यामागे फसवण्याचा हेतू असतो, म्हणून तो दोष मी त्या बाईंवर लावणार नाही. आजीने नातीला सांगितलं, नातीने पुढे सांगितलं, असंच झालं असेल. माझ्या हिरव्या तुकड्याचं दुसरं काय झालं? नणंदबाई त्या दिवशी आल्या नसत्या, तर पन्नास वर्षांनी ते लग्नातलंच लुगडं ठरलं असतं.

यात नुकसान कुणाचं, असं वाटेल. नुकसान खऱ्या बायकांचं. जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची बाई होती. जन्म १८३७, गुलामगिरीत. तिने बायबलमधल्या प्रसंगांची क्विल्ट केली आणि १८८६ मध्ये अथेन्स गावच्या प्रदर्शनात मांडली. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, पण पॉवर्सने नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली, तेव्हा ती स्वतःच क्विल्ट घेऊन आली. दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. नंतर ती आपली क्विल्ट नुसती बघायला म्हणून स्मिथबाईंकडे येत राहिली. आज ती क्विल्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पाच डॉलरचा व्यवहार काही न्यायाचा नव्हता. पण स्मिथबाईंनी एक काम केलं. पॉवर्सला शेजारी बसवून प्रत्येक चौकोनाचा अर्थ विचारला आणि लिहून ठेवला. म्हणून आपल्याला तिचं नाव, तिचा भाव आणि तिला मिळालेले पैसेही माहीत आहेत. अशी लिहिलेली खरी हकीकत असताना रचलेली गोष्टच घरोघरी पोचते, याचं मला वाईट वाटलं.

आपल्या गोधडीवर इंग्रजीत गीता खंडेलवाल यांचं 'गोधरीज ऑफ महाराष्ट्र' हे पुस्तक २०१३ मध्ये आलं. पण पुस्तक लिहिणारी बाई आपल्या प्रत्येकीच्या माळ्यापर्यंत कशी पोचणार? आपल्या घरची स्मिथबाई आपणच व्हायला हवं.

मी काय केलं ते सांगते. वाकळीच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या सुती कापडाचा हातभर तुकडा लावला आणि त्यावर धावदोऱ्याने अक्षरं काढली. सासूबाईंचं नाव, गावाचं नाव. साल कुणालाच आठवेना, पण थोरल्या दिरांच्या जन्माच्या वेळी शिवली हे नणंदबाईंना पक्कं माहीत होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. जांभळा तुकडा सासूबाईंच्या जावेच्या पातळाचा, तेही लिहिलं. हिरव्यापुढे लिहिलं, "माहीत नाही."

नातीला फोन करून सांगितलं की आजीचं चुकलं होतं. ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "मग त्या पातेल्याचा फोटो पाठव ना." तो पाठवला आहे.

ज्यांच्या घरी वाकळ शिवणारी बाई अजून आहे, त्यांनी येत्या चातुर्मासात तिच्याजवळ वही घेऊन बसावं. आपणही तिची प्रशस्ती लिहू या. आणि जिथे माहीत नसेल, तिथे तसं लिहायला लाजू नये.

जय जिनेंद्र.