शब्दवेध : प्रवाही
‘वह्’ म्हणजे वाहणे किंवा वाहून नेणे या संस्कृत धातूला ‘प्र’ हा पुढे जाण्याचा भाव दाखवणारा उपसर्ग लागून ‘प्रवाह’ व त्यापासून ‘प्रवाही’ हा शब्द झाला असून, ‘वाहन’ आणि मुळात वधूला घेऊन जाणे सुचवणारा ‘विवाह’ हेही त्याच धातूचे गोत्रज आहेत. कलेला वा अस्मितेला प्रवाही म्हणताना वाहणे तेवढे ध्यानात राहते, वाहून नेणे मात्र बहुधा विसरले जाते. वसईत ते विसरणे अवघड आहे. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या सामवेदी, म्हणजेच कुपारी, समाजाने आपली कादोडी बोली सोडली नाही, आणि लग्न चर्चमध्ये लागू लागले तरी बायकांचे तांबडे लुगडे व बोलीतली लग्नगीते पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचली. याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ प्रमाण मराठीत सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा काहींना त्यांच्या मराठीपेक्षा त्यांचा धर्मच आधी दिसला, हे मात्र प्रवाहीपणाचे लक्षण म्हणता येणार नाही.