लेबलवरचं खोटं गाव

गेल्या हिवाळ्यात मोलगीच्या रस्त्याकडेला, सागाच्या फांदीवर, सकाळी दहाच्या उन्हात एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. मोबाइलवर झूम करून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला : रानपिंगळा! दोन मिनिटांत एका जाणत्या मित्राचं उत्तर आलं, ‘डोकं बघ.’ डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं. म्हणजे साधा पिंगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. पंखांवर आणि शेपटीवर जाड पट्टे असतात आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो.

अशी फसगत होणारा मी पहिला नाही. १९६८ मध्ये नागपूरजवळ काढलेले फोटो रानपिंगळ्याचे मानले गेले होते. पुढे तोही साधा पिंगळाच ठरला.

पण या पक्ष्याच्या बाबतीत सगळ्यांत मोठी फसवणूक फोटोने नाही, एका लेबलने केली. ब्लेविट नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला हा पक्षी मारला. ह्यूमने (हो, काँग्रेसवाले ॲलन ह्यूम) १८७३ मध्ये त्याला ब्लेविटचंच नाव दिलं. मग जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून काही नमुने जमवले. तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे आधी गोळी घालायची. १८८४ नंतर काहीच नाही.

नाही म्हणायला १९१४ चा एक नमुना होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो तापीकाठच्या मांडवीत, म्हणजे गुजरातेत, मिळाल्याचं लिहिलं होतं. त्यावर विश्वास ठेवून लोक तिथे शोधत राहिले. पक्षी सापडेना. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी त्या कातड्याची शिवण आणि आतला भराव तपासला, तर हात डेव्हिडसनचा निघाला! माइनर्ट्‌झहागेनने संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवं गाव आणि नवी तारीख चिकटवली होती.

मांडवी बाद झाल्यावर उरल्या जुन्या, खऱ्या जागा. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडे फिरले. तिथे काही मिळालं नाही. मग शहाद्याजवळ, २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. या वेळी कुणी बंदूक उचलली नाही; व्हिडिओ आणि फोटो घेतले, तोच पुरावा. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो १ जुलै १९९८ चा. शहादा धुळ्यातच होतं.

‘हरवलेला पक्षी सापडला’ असं वाचलं की मला थोडं हसू येतं. सातपुड्यात लाकडं, मोहफुलं आणायला जाणाऱ्या कितीजणांच्या डोक्यावर तो त्या ११३ वर्षांत बसलेला असेल! त्यांना कुणी विचारलंच नसावं.

नंतर तो मेळघाटात, मध्य प्रदेशात, मुंबईजवळच्या तानसातही दिसला. तरी संख्या थोडीच, आणि त्याला लागणारं सागाचं जुनं, ढोलीवालं जंगल कमी होतंय. त्यात आता आम्ही फोटोवाले. एका फोटोसाठी स्पीकरवर त्याचा आवाज वाजवणारे मी पाहिलेत. पक्षी दुसरा नर आला समजून पिल्लं सोडून धावत येतो.

खोट्या ठिकाणाने शोध लांबला. खरं ठिकाण ग्रुपवर गेलं की दुसऱ्या दिवशी ढोलीखाली गाड्या लागतात. डोंगरात शिरताना मी मोबाइलचं लोकेशन बंद करतो. त्या साध्या पिंगळ्याचा फोटो मात्र अजून जपून ठेवलाय. डोळे वटारून सरळ माझ्याकडेच बघतोय बेटा.