इम्प्लांटसाठी हाड कमी पडतंय? ‘पीआरएफ’बद्दल हे माहीत असू द्या

दात काढल्यावर त्या जागेचे हाड हळूहळू झिजते. इम्प्लांटचा स्क्रू धरायला हाड कमी असेल, तर डॉक्टर कधी कधी पीआरएफ सुचवतात. ते काय असते, आम्ही थोडक्यात सांगतो.

पेशंटचेच थोडे रक्त, साधारण 10 मिली, घेऊन त्यात काही न मिसळता लगेच मशीनमध्ये फिरवतात. 10-12 मिनिटांत मधोमध पिवळसर, जेलीसारखा गोळा जमतो. त्यातल्या प्लेटलेट जखम भरणारे घटक काही दिवस हळूहळू सोडतात. फ्रान्सचे डॉ. जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये ही पद्धत मांडली.

पण पीआरएफ म्हणजे हाड नव्हे. हिरडी भरायला त्याची मदत होते. हाडाची झीज मोठी असेल तर बहुतेक वेळा बोन ग्राफ्टही लागतो. हा ग्राफ्ट गायीच्या, डुकराच्या किंवा माणसाच्या हाडापासून केलेला असतो, कृत्रिमही मिळतो. वरून लावायचा कोलेजनचा पडदाही अनेकदा डुकरापासूनच बनतो. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा, “डॉक्टर, हे कशापासून बनलंय? दुसरा पर्याय आहे का?”

शुगर, तंबाखू, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, काहीच लपवू नका. आणि गोळ्या मनाने बंद करू नका.