वाळू वाचायला शिकलेली माणसं

वाळवंटात गाडी चालवायला शिकायचं म्हटलं की पहिला धडा गाडी चालवण्याचा नसतोच मुळी. गाडी कडेला उभी करायची आणि चारी टायरमधली हवा काढायची! दुबई-अबूधाबीला नोकरीला असलेल्या कुठल्याही मित्राला विचारा. डांबरी रस्त्यावर ३०-३५ पीएसआय असलेली हवा वाळूत शिरण्याआधी १५ च्या आसपास आणतात. मग शिकवणारा चार नियम सांगतो. चढ दिसला की वेग आधीच घ्या. टेकडी सरळ चढा, सरळ उतरा, तिरके जाऊ नका. ब्रेक मारू नका, गाडी आपोआप थांबू द्या, तीही उताराकडे तोंड करून. आणि रुतलात तर चाकं गरागरा फिरवू नका, खाली उतरा आणि फावडं काढा.

नवशिका मान डोलावतो आणि कामाला लागतो. पण हे नियम कुणीतरी पहिल्यांदा शोधले असतील ना? तेही मोबाईल नाही, टोईंगवाला नाही, पाणी मोजून आणलेलं, अशा अवस्थेत! आजची गोष्ट त्या लोकांची.

पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात सेनुसी टोळ्यांशी लढताना ब्रिटिशांनी फोर्ड मॉडेल टी गाड्यांची गस्त पथकं काढली. या मंडळींनी बरंच काही शिकून घेतलं. उदाहरणार्थ, रेडिएटरमधलं पाणी उकळून वाया जाऊ नये म्हणून त्याच्या वाफेची नळी बाहेरच्या पाण्याच्या डब्यात सोडायची. वाफ डब्यात थंड होऊन पाणी होते, आणि इंजिन गार झालं की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. साधी युक्ती, पण वाळवंटात तिच्यावर जीव अवलंबून! युद्ध संपलं, पथकं मोडली, माणसं आपापल्या घरी गेली. ज्ञान उरलं ते काही जणांच्या डोक्यात आणि सरकारी अहवालांत. (प्रोजेक्ट संपल्यावर आपल्या डॉक्युमेंटेशनचं काय होतं ते आठवा!)

१९२६ मध्ये राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करातला एक सिग्नल अधिकारी बदलीवर इजिप्तला आला. पिंड इंजिनियरचा, हातात फोर्ड आणि सुट्टीचे दिवस. तो आणि त्याचे काही मित्र रजा काढून, पदरचे पैसे घालून वाळवंटात जायला लागले. पुढे त्याची बदली हिंदुस्थानात झाली, तरी हा गडी रजा काढून पुन्हा इजिप्तला हजर!

त्यांचं लक्ष होतं इजिप्त-लिबिया सीमेवरच्या 'ग्रेट सँड सी'वर, म्हणजे वाळूच्या महासागरावर. इथे टेकड्यांच्या रांगाच्या रांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत. रांगांना समांतर जाणं त्या मानाने सोपं, आडवं जायचं तर एकेक भिंत चढायची. ही वाळू मोटारीने ओलांडता येणार नाही असंच तेव्हा सगळे धरून चालले होते.

बॅग्नोल्डने १९२९-३० च्या मोहिमांच्या सुमारास काय केलं? समोरच्या पिवळ्या भिंतीवर सरळ ताशी चाळीस मैलांनी गाडी घातली. आणि गाडी आपटली नाही, रुतली नाही, लिफ्टमध्ये बसल्यासारखी अलगद वर गेली! वेग आधीच घ्या, हा नियम आज आपल्याला पाठ करायला देतात. तेव्हा तो छातीठोकपणे आजमावून बघावा लागला होता.

अर्थात प्रत्येक वेळी गाडी वर जात नसे. तेव्हा कामाला येत लांब पोलादी पन्हळी. महायुद्धात खंदकांवर छप्पर घालायला बनवलेला हा माल कैरोत भंगारात मिळाला. रुतलेल्या चाकापुढे वाळू उकरायची, पन्हळ सरकवायची, गाडी तिच्यावरून बाहेर काढायची, पन्हळ उचलून पुढे पळायचं. आज गाडीच्या टपावर दिसणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या या पन्हळींच्याच नाती :) दिशेसाठी सूर्य-होकायंत्र. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकाची सुई भरकटते, म्हणून आडव्या तबकडीवर उभा काटा लावायचा आणि त्याच्या सावलीवरून वाट धरायची.

बॅग्नोल्डचं वेगळेपण मात्र पुढे आहे. गाडी चढली, छान. पण का चढली? इथली वाळू घट्ट आणि चार पावलांवरची भुसभुशीत, असं का? १९३५ मध्ये सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्याने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात वाऱ्याचा बोगदा बांधून वाळूचे कण कसे उड्या मारत सरकतात ते मोजलं. वाऱ्याकडच्या मंद उतारावर कण आपटत आपटत ठासून बसतात, म्हणून ती बाजू गाडीचं वजन पेलते. माथा ओलांडला की पलीकडे कण नुसते घरंगळतात आणि ३२ ते ३४ अंशांचा सैल उतार तयार होतो. तिथे तिरके गेलात तर गाडी कलंडलीच म्हणून समजा. म्हणजे टेकडीचा आकार बघूनच ती कुठून चढायची हे कळतं. हे सगळं त्याच्या १९४१ च्या 'द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स' या पुस्तकात आहे.

दरम्यान दुसरं महायुद्ध पेटलं. १९३९ मध्ये बॅग्नोल्डला पुन्हा बोलावून पूर्व आफ्रिकेला पाठवलं जात होतं, पण भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली आणि तो इजिप्तमध्येच उतरला. जून १९४० मध्ये इटलीने युद्ध पुकारलं. शत्रू लिबियात आणि मध्ये तीच वाळू! ती ओलांडायची कशी हे माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जनरल वेव्हेलने बॅग्नोल्डला सहा आठवडे दिले. त्याने जुने मित्र गोळा केले: एक टांगानिकात जमीन मोजत होता, दुसरा जेरुसलेमच्या संग्रहालयात होता.

आणि चालक? न्यूझीलंडचे स्वयंसेवक, त्यांत शेतकरी बरेच. वाळवंट आयुष्यात न पाहिलेले, पण यंत्राला हात लावायची सवय असलेले. शेवरले ट्रक घेऊन या नवशिक्यांना काही आठवड्यांत तेच शिकवलं गेलं जे दहा-बारा वर्षांच्या सुट्ट्यांत जमवलं होतं. सप्टेंबरात 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप'च्या गस्ती वाळू ओलांडून शत्रूच्या पाठीमागे पोचल्या. पुढे भारतीय सैनिकांचं 'इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन'ही याच ग्रुपबरोबर फिरलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे सहा आठवडे. १९१८ नंतर ज्ञान कपाटात गेलं होतं. १९४० मध्ये ते वाचलं, कारण माहीत असलेली माणसं जिवंत होती, सापडली, आणि नवख्या माणसाशेजारी बसून शिकवायला तयार होती. जहाज नीट पोचलं असतं तर? विचार करून बघा.

एप्रिल २००५ मध्ये मंगळावर नासाचा 'ऑपर्च्युनिटी' रोव्हर वाळूच्या एका लहानशा उंचवट्यात रुतला. इंजिनियरांनी चाकं गरागरा फिरवली नाहीत. पृथ्वीवर तशीच वाळू करून, तिच्यात दुसरा रोव्हर रुतवून सराव केला आणि पाचेक आठवड्यांनी, जूनमध्ये, त्याला हळूहळू बाहेर काढलं. मंगळावर 'बॅग्नोल्ड ड्यून्स' नावाच्या टेकड्याही आहेत.

तेव्हा कधी वाळूत गाडी घालायची संधी मिळालीच, तर हवा काढायला पाच मिनिटं द्या. आणि शेजारच्या सीटवर जाणकार माणूस बसवा.