गारठ्याची दोनशे वर्षं

मंडळी, आजारी माणसाला ऊब द्यायची, पांघरूण घालायचं, हे आपण लहानपणापासून घरात शिकत आलो. पण रुग्णाला मुद्दाम गार करायचं, हा उलटा विचारही वैद्यकशास्त्रात बराच जुना आहे.

नेपोलियनच्या सैन्यातला शल्यचिकित्सक लॅरे याने पाहिलं, की कडाक्याच्या थंडीत शेकोटीजवळ ठेवलेले जखमी दूर पडलेल्यांपेक्षा लवकर दगावतात. यामागचं शास्त्र पुढे उलगडलं. हृदय बंद पडलं की काही मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरू लागतात. शरीर गार केलं की मेंदूची प्राणवायूची गरज घटते.

१९५० साली टोरांटोच्या डॉ. बिगेलो यांनी प्राण्यांवर हे दाखवून दिलं. १९५२ मध्ये मिनेसोटात डॉ. लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीला गार करून तिच्या हृदयातलं छिद्र बुजवलं. १९५९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले. पण फार गार केलं की हृदयाचे ठोके बिघडत, जंतुसंसर्ग होई. त्यामुळे ही कल्पना मागे पडली.

ती परतली २००२ साली. युरोपातल्या अभ्यासात रुग्णांना २४ तास ३२ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवलं. त्यातल्या ५५ टक्के रुग्णांचा मेंदू चांगला सावरला. गार न केलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. मेलबर्नच्या ७७ रुग्णांच्या अभ्यासाचाही कौल तोच. मग काय, अतिदक्षता विभागांत बर्फाच्या पिशव्या आणि गार पाण्याच्या गाद्या आल्या!

गोष्ट इथे संपत नाही. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांत फरक दिसला नाही. २०२१ मध्ये सुमारे १९०० रुग्णांच्या अभ्यासात, गार केलेले आणि फक्त ताप चढू न दिलेले, अशा दोन्ही गटांत जवळपास निम्मे रुग्ण दगावले. त्यामुळे आता मुख्य भर ताप रोखण्यावर आहे. गार करण्याबद्दल तज्ज्ञांत वाद चालूच आहे. आपलाच लाडका उपचार पुन्हा तपासायला धैर्य लागतं, ते या डॉक्टरांनी दाखवलं.

मात्र एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची मिनिटं घरच्यांच्या हातात असतात. फोन करा, आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. हे शिकायला एक दुपार पुरते. यंदा फराळाला जमाल तेव्हा एवढं ठरवाच!