फ्लूची साथ : कामाच्या ठिकाणी काय काळजी घ्याल?

कन्हान (ता. पारशिवनी) : कोळसा खाण, कारखाना, वीटभट्टी की शेत, आपल्या भागात कोणतंही काम एकट्यानं होत नाही. एकाच गाडीत दाटीवाटीनं येणं, हजेरीला रांगेत उभं राहणं, एकाच ग्लासानं पाणी पिणं. फ्लूची साथ पसरते ती इथूनच.

स्वाइन फ्लूला जागतिक आरोग्य संघटनेनं ११ जून २००९ रोजी महामारी जाहीर केलं. देशातला पहिला बळी ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात गेला. ऑगस्ट २०१० मध्ये महामारी संपल्याचं जाहीर झालं, पण विषाणू गेला नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तो अजूनही डोकं वर काढतो.

पसरतो कसा?
खोकला-शिंकेचे थेंब ३ ते ६ फुटांपर्यंत जातात. हात लागलेल्या वस्तूंवरूनही लागण होते. लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो.

कामावर हे पाळा
- ताप, खोकला, अंगदुखी असेल तर घरीच थांबा. गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच कामावर या.
- माठाजवळ साबण ठेवा. ग्लास, डबा, दुपट्टा आपापला वापरा.
- एकाच पन्नीतला खर्रा वाटून खाऊ नका, कुठेही थुंकू नका.
- गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा. जेवायला अंतरानं, मोकळ्या जागी बसा.
- हजेरीची खिडकी, दाराची कडी, अवजारांचे दांडे रोज पुसून घ्या.
- फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. असर व्हायला दोन आठवडे लागतात.

रोजीचं काय?
खरी अडचण हीच आहे. घरी बसलं की रोजी बुडते, म्हणून माणूस तापातही येतो. एका वर्षी माझ्याच शेतात कापूस वेचणीला आलेल्या बाईला ताप होता. "दोनच दिवस राहिले, उरकून घ्या," असं मीच म्हटलं. आठवडाभरात अर्ध्या बाया खाटेवर पडल्या अन् कापूस झाडावरच राहिला. दोन दिवसांची रोजी देऊन तिला घरी पाठवलं असतं, तर स्वस्तात पडलं असतं. मालक, मुकादमांनी हा हिशेब करून पाहावा.

कारखान्यात ईएसआयसी लागू असेल तर अटींनुसार आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. डॉक्टरांचा दाखला मात्र जपून ठेवा.

दवाखान्यात कधी?
दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, नखं निळी पडणं, गुंगी येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा. गरोदर बाया, म्हातारी माणसं, लहान मुलं, शुगर आणि दम्याचे रुग्ण यांनी साध्या तापातही लवकर दाखवावं. फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त गुण देतं. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, फ्लूच्या विषाणूवर ते चालत नाही.