पिल्लाचा वाटा फोडणीआधीच काढा. कोणता मसाला चालतो, कोणता नाही

पावसाळा सरला की वस्त्यांवर कुत्र्याची पिल्लं दिसू लागतात. राखणीसाठी एखादं घरी आणलं जातं आणि उरलेली भाकरी रश्शात कुस्करून त्याच्यापुढे ठेवली जाते. भाकरीनं काही बिघडत नाही, धोका रश्शात असतो.

काय घालू नये

कांदा-लसूण : कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवून कुटलेला, सगळाच घातक. त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा होते. म्हणजे २ किलोच्या पिल्लाला १० ग्रॅम, जेमतेम दोन-तीन फोडी. लसूण तर कांद्याहून जहाल. फोडी वेचून काढल्या तरी कांदा-लसूण मसाल्याचा अंश रश्शात राहतोच.

मीठ : लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली सुकी मासळी देऊ नये. मीठ जास्त झालं तर उलट्या, थरथर, झटके येतात.

चिंच आणि बेदाणे : दोन्हींत टार्टारिक आम्ल असतं. कुत्र्याची किडनी त्यानं निकामी होऊ शकते. चिंच-गुळाची आमटी, बेदाणे घातलेला शिरा, द्राक्षं लांबच ठेवा.

मिरची : तोंड, पोट जळतं, हगवण लागते. लहान पिल्लू त्यात लवकर सुकतं.

जायफळ : जास्त गेलं तर झटके येऊ शकतात.

काय चालतं

चिमूटभर हळद, थोडी जिरेपूड, कोथिंबीर चालते. पण पिल्लाला चवीसाठी मसाल्याची गरज नसते, वासावरच ते खातं. बिनमिठाचं वरण, मऊ भात, कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं, नुसत्या पाण्यात शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, थोडं दही एवढं पुरे. तूप-तेल बेतानंच.

लक्षणं उशिरा दिसतात

कांदा-लसणाचा परिणाम बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतो. पिल्लू मलूल पडतं, हिरड्या पांढरट होतात, धाप लागते, लघवी लालसर-तपकिरी होते. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या ध्यानात नसतो. गोचीड तापातही हिरड्या पांढऱ्या पडतात, म्हणून आठवडाभरात काय काय खाल्लं ते डॉक्टरांना नीट सांगा.

उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानंच जीव जाऊ शकतो. दूध पाजल्यानंही विष उतरत नाही. नको ते खाल्ल्याचं कळताच, लक्षणांची वाट न बघता जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.

सोपा नियम एकच : डाळ शिजली की मीठ आणि फोडणी पडायच्या आधी पिल्लाची वाटी बाजूला काढायची. घरातल्या पोरांनाही तेवढं सांगून ठेवा, कारण ताटातला घास तीच जास्त टाकतात.